मॉडेलात न घातलेला ऊस

फेटा बांधलेला, हातात नारळ घेतलेला माझा फोटो कोरेगावात बऱ्याच जणांनी पाहिलाय. त्या फोटोमागचं मात्र मी आजवर कुणाला बोललो नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतो.

माझं काम वाऱ्याचं. उतरणाऱ्या विमानाला जमिनीलगत वारा कुठे दगा देईल, हे मी संगणकावर वाऱ्याचं मॉडेल चालवून आधीच शोधतो. आमच्याच भागातल्या एका लहान धावपट्टीचं काम मिळालं. तिथं शिकाऊ पोरं विमान उतरवतात. पट्टीच्या टोकाला लागूनच ऊस. हाती आलेला नकाशा तोडणीनंतरचा — रान मोकळं, सपाट. प्रत्यक्षात ऊस दीड पुरुष उंच उभा होता. मी डोळ्यांनी पाहिला होता. पण तो घालायचा म्हणजे सगळी आकडेमोड पहिल्यापासून! मुदत तोंडावर आलेली. म्हटलं, एवढ्याशा उसानं काय होतंय?

आणि हे म्हणणारा कोण? उसात वाढलेला मी! लहानपणी ज्वारी उफणायची तर आई आम्हाला फडापासून लांब न्यायची. “कडंला नगं रं, वारं उलटं फिरतंय, भुसकट डोळ्यात जातंय.” हे मी विसरलो होतो? छे — चांगलं आठवत होतं.

मग माधवनगरची सायली, शिकाऊ पायलट, उतरताना एकदम एका बाजूला कलली. पंख जमिनीला घासता घासता राहिला. “वाऱ्यानं ढकललं,” एवढंच ती सांगत राहिली. चौकशीत मला विचारलं — तुमच्या मॉडेलात तिथं काही दिसतं का? मी म्हणालो, “नाही.” तसं ते खरंच होतं. ऊसच नव्हता, तर दिसणार काय? तिचा हात कच्चा ठरला, उड्डाण बंद झालं. ती माझ्यासमोर रडली — आणि मी चहा पीत बसलो.

घरी येऊन ऊस घातला. मॉडेल चाललं — आणि दिसलं! फडाच्या कडेवरून उतरलेला वारा गरकन फिरत होता, सायली सांगत होती बरोबर तिथंच. काय सांगू, मी खुर्चीवरून उठून नाचलो. लाज मागाहून आली. आधी आला आनंद, आणि तो अजून ओसरलेला नाही. सगळ्यांना सांगितलं — नवीन शोध लागलाय! सायलीचं उड्डाण सुरू झालं. विमानं फडापासून पुढं टेकायला लागली. गावानं सत्कार केला. वडील म्हणाले, “लय भारी गड्या! उसाचं नाव काढलंस.”

गेल्या महिन्यात सायलीनं मला विमानात शेजारी बसवून नेलं. आता ती पक्की पायलट आहे. तोडणी व्हायची होती, खाली ऊस डुलत होता. विमान जरासं हललं, तिनं अलगद सावरलं, आणि चाकं टेकली ती कळलीसुद्धा नाहीत. मी ओरडलोच — वा गं पोरी! छाती भरून आली. असा दिवस मी आयुष्यात पाहिला नव्हता.

उतरल्यावर ती वाकून पाया पडली. “सर, तुम्ही शोधलं नसतं तर माझं काय झालं असतं?”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, “यशस्वी हो,” म्हणालो. चौकशीच्या दिवशीही तो ऊस मला ठाऊक होता, हे तिला सांगितलं नाही.