एक लक्षवेधी आणि कोकणचा पेंढा

अधिवेशनाला निघण्याआधी मी नेहमी दोन याद्या करत असे. एक पक्षाच्या कामाची, एक ट्रंकेत काय भरायचे त्याची. त्या वर्षी दुसरी यादी अर्धवट राहिली आणि मी नांदेडहून नागपूरला न जाता आधी उलट दिशेला, उदगीरची एस.टी. धरली. धाकट्या भावाचा निरोप आला होता : "अक्काला म्हणावं, गाय बघून जा. नंतर म्हणू नको, सांगितलं न्हाई."

लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि पावसाने पाठ फिरवली होती. आमचे माहेर उदगीरच्या पुढे, देवणीच्या वाटेवर. भावाच्या दावणीला एकच गाय उरली होती, ठिपक्यांची, वडिलांच्या वेळेपासून चालत आलेल्या वळूच्या आणि गाईच्या वंशातली. गाभण होती. भावाने बैल आधीच विकले होते. गाईला मात्र तो हात लावू देत नव्हता.

अंगणाच्या कडेला कडब्याची बनीम होती. दरवर्षी घराच्या पाख्यापर्यंत चढणारी ती गंजी आता माझ्या कमरेएवढी राहिली होती.

"तुमचं अधिवेशन संपेपर्यंत पुरंल," भाऊ म्हणाला. "त्याच्या आत डेपो उघडला तर बरं. न्हाई तर बाजार."

"गाभण गाय बाजारात कोण घेतो?"

"घेणारा घेतो अक्का. पोटात काय हाय ते तो विचारत न्हाई."

मी त्याला काही वचन दिले नाही. मला तशी सवय नाही. आमच्या गावाला चारा डेपो का मिळत नाही, हे मला पाठ होते. पीक रुपयाला किती आणे आले, यावर सरकार टंचाईची गावे ठरवते. ती आणेवारी महसूल मंडळावार, म्हणजे गावांच्या गटावार निघते. आमची कोरडवाहू गावे पूर्वी मांजराकाठच्या गावांबरोबर एकाच मंडळात होती. नव्या जिल्ह्यात मंडळे नव्याने पडली, आकडा मात्र जुन्या मंडळाचा राहिला. नदीकाठच्या उसाने आमची ज्वारी कागदावर पिकवून टाकली. मागणी एका ओळीची होती : नव्या मंडळांप्रमाणे आणेवारी पुन्हा काढा आणि तोवर या गावांत डेपो उघडा.

ती ओळ माझ्याच हाताने पक्षाच्या यादीत लिहिली गेली होती. पण ती कितव्या क्रमांकावर जाणार, हे माझ्या हातात नव्हते.

आमचा पक्ष लहान. सगळे आमदार एका जीपमध्ये मावत आणि पुढच्या सीटवर मी, गटाचे कागद सांभाळणारी कार्यालय-चिटणीस. सत्ताधारी बाकावरचे एक गृहस्थ लॉबीत भेटले की विचारत, "काय बाई, आज पक्ष चालत आला की सायकलवर?" इतक्या लहान गटाला अधिवेशनात एखादीच लक्षवेधी सूचना मिळे. ती लागली की मंत्र्याला सभागृहात उभे राहून उत्तर द्यावेच लागते. म्हणून पहिली सूचना कोणाची, यावर सगळे अडे.

आमचे गटनेते साताऱ्याकडचे जुने वकील. त्यांनी एक रीत घालून दिली होती. आपल्या मतदारसंघाचा मुद्दा आपण मांडायचा नाही. चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याच्या वाट्याला जो मुद्दा येईल तो त्याने समजून घ्यायचा, गटाच्या बैठकीत त्यानेच लढवायचा आणि पुढे सभागृहातही त्यानेच बोलायचे. "स्वतःच्या गावासाठी कोणीही रडतो," वकीलसाहेब म्हणत. "दुसऱ्याच्या गावासाठी बोललात तर तो पक्ष."

मला ही रीत पटत होती. त्या दिवशीही चिठ्ठ्या मीच केल्या, फक्त आमच्या गावांची चिठ्ठी दोनदा वाचून घडी घातली.

आमदार निवासातल्या खोलीत गाद्यांवर बैठक बसली. चिठ्ठ्या निघाल्या. आमच्या भागाचे आमदार पूर्वी शाळेत शिकवत, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्या वाट्याला आला कोकणातल्या खारभूमीचा बांध. गुरुजींनी समुद्र पाहिलेला नव्हता.

"पाणी अडवायचं म्हणजे येऊ द्यायचं का येऊ द्यायचं नाही?" त्यांनी विचारले.

"येऊ द्यायचं नाही, गुरुजी. खारं असतं," कोकणातले सभासद म्हणाले.

"पाणी येऊ नये म्हणून मागणी? आमच्याकडं ऐकलं तर मारतील मला."

आणि आमची आणेवारी गेली नेमकी त्या कोकणातल्या सभासदांकडे. ते भले गृहस्थ होते, आवाज मोठा, भाताचे खाचर सोडून दुसरे शेत ठाऊक नाही.

मतदान झाले. आमचा मुद्दा दुसरा आला. पहिला होता सूतगिरणीच्या कामगारांचा. मी यादी स्वच्छ उतरवली, वर एक, खाली दोन, आणि विधानमंडळाच्या सचिवालयात देऊन आले. परत येताना पायऱ्यांवर दोनदा थांबले. काही विसरले नव्हते, तरी विसरल्यासारखे वाटत होते.

भावाचा ट्रंक कॉल उदगीरच्या आडत दुकानातून येई.

"काय करायलात तिकडं? संत्री खायलात?"

"दुसरा नंबर लागलाय."

"दुसऱ्या नंबरला काय मिळतं?"

"वाट बघायला मिळतं."

"ते तर हिथं बी मिळायलंय," म्हणून त्याने फोन ठेवला.

पुढे गिरणीचा मुद्दा न्यायप्रविष्ट आहे म्हणून नाकारला गेला. आम्ही वर सरकलो. गिरणीच्या कामगारांचे वाईट वाटले आणि त्याच क्षणी मी कोकणातल्या सभासदांची खोली गाठली.

त्यांना सगळे पहिल्यापासून सांगावे लागले. मंडळ म्हणजे काय, कडबा म्हणजे काय. "ज्वारीचं ताट वाळलं की कडबा," मी म्हटले. "आमची जनावरं त्यावर जगतात."

"आणि गवत?"

"गवत असतं तर मी इथं आले असते का?"

ते हळहळले. "ताई, आमच्याकडे भाताच्या पेंढ्याच्या उडव्या, गंज्या म्हणा, पडून असतात हो. अर्ध्या कुजतात."

मी ते ऐकले आणि सोडून दिले. घाई होती. त्यांच्या कागदावर मी ठळक अक्षरांत लिहिले : आणेवारी, मग डेपो, मग वैरण.

लक्षवेधी लागली तेव्हा मी प्रेक्षक गॅलरीत होते. सभासद चांगले बोलले. मंडळांचा घोळ त्यांनी माझ्याहून सोपा करून सांगितला. मंत्री उठले. आणेवारीचा विचार करू म्हणाले, डेपोला तत्त्वतः हरकत नाही म्हणाले, "पण सन्माननीय सदस्यांनी सांगावं, चारा आणायचा कुठून? राज्यात वैरण शिल्लक नाही."

तिथे थांबायला हवे होते. आमचे सभासद ताडकन उठले. "आहे! आमच्या जिल्ह्यात आहे. हवा तेवढा पेंढा न्या."

मंत्र्यांचा चेहरा उजळला. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केले : या गावांत डेपो उघडतील, कोकणातून पेंढा जाईल. बाके वाजली. खाली गुरुजींनी कपाळ धरलेले मला वरून दिसले.

बाहेर आल्यावर सभासद आनंदाने लाल झाले होते. गुरुजींनीच त्यांना सांगितले, "अहो, आमची गुरं भाताच्या काडाला तोंड लावत नाहीत."

"मग मिठाचं पाणी शिंपडा," सभासद म्हणाले. " वरून थोडा तुमचा तो कडबा चुरडून टाका. आमच्याकडे घाटावरून आणलेली जनावरं अशीच वळवावी लागतात. पहिल्या दिवशी रुसतात."

फोनवर भाऊ म्हणाला, "भाताचं काड? अक्का, तू तिथं असून?"

अधिवेशन संपल्यावर मी नांदेडला उतरले, ट्रंक घरी टाकली आणि कंधारमार्गे मिळेल त्या गाडीने निघाले. उभ्याने प्रवास. खिडकीतून काळी जमीन दिसत होती, भेगाळलेली. प्रत्येक थांब्यावर वाटे, खाली उतरून पुढे पळत जावे.

गावात शिरताना शाळेपुढे ट्रक दिसला. पिवळाधमक पेंढा उतरत होता. मी घरी गेले तर गाय धुतलेली. शिंगे तासून तेल लावलेली, चकचकीत. जनावर बाजारात न्यायचे असले की आमच्याकडे शिंगांना असे तेल लावतात. दुसऱ्या दिवशी बाजार होता. बनीमीच्या जागी कडब्याच्या चार पेंढ्या उरल्या होत्या.

"डेपोचा आणलास का?" मी विचारले.

"आणला. हुंगली आणि तोंड फिरवलं." त्याने दाखवले. गव्हाणीतला पेंढा तसाच होता.

मी घरात जाऊन मीठ कालवले. भाऊ ओट्यावर बसून बघत राहिला. शेजारचे दोघे-तिघे जमले. "अक्का, वरून फोडणी बी घाल," त्यातला एक म्हणाला. मी पाणी शिंपडले. भावाला म्हटले, "एक पेंढी चुरड."

"शेवटच्या हायेत."

"म्हणूनच चुरड."

तो नाइलाजाने उठला. कडबा हाताने मोडून त्याने पेंढ्यात मिसळला. गाईने हुंगले. मीठ चाटले. कडब्याचे तुकडे वेचून खाल्ले आणि उरलेला पेंढा नाकाने बाजूला सारला. शेजारी हसले. भाऊ हसला नाही. त्याने गव्हाणीत हात घालून सगळे पुन्हा कालवले, पुन्हा पाणी शिंपडले आणि तिथेच, गाईच्या तोंडाशी, उकिडवा बसला.

मी आत-बाहेर करत होते. चहा टाकला, उतू गेला. अंधार पडायच्या आधी बाहेर आले तेव्हा भाऊ तसाच बसलेला आणि गाय तोंड हलवत होती. सावकाश, नाखुशीने.

"खायलीय," तो हळू आवाजात म्हणाला, जणू मोठ्याने बोलले तर थांबेल. "पण तोंड वाकडं करून."

"खाऊ दे वाकडं."

"आणेवारीचं काय झालं?"

"विचार करतो म्हणालेत."

"म्हणजे पुढच्या अधिवेशनाला बी जाणार तू."

"जाणार."

त्याने धोतराच्या सोग्याने गाईचे शिंग पुसायला घेतले. तेलावर पेंढ्याचे कूस चिकटले होते, निघेना.

"तेल मात्र वाया गेलं," तो म्हणाला आणि दुसरे शिंग पुसू लागला.