खिरीच्या शेवया

निमोण्याच्या सगुणाबाईंचा सत्यजीत कंपनीच्या कामासाठी व्हिएतनामला गेला आणि येताना बायको घेऊन आला, तेव्हा अर्धं गाव चहाच्या निमित्तानं सून बघून गेलं. तिचं नाव लान. मराठी मोडकंतोडकं, पण हात भलताच चपळ. आठवड्यातून एकदा ती ‘मी साओ’ करायची. उकडून निथळलेल्या जाड शेवया, लसूण, कोबी आणि अंडं, सगळं मोठ्या जाळावर परतायचं आणि वर माशाच्या खारट पाण्याचे दोन थेंब. त्या पाण्याची बाटली सगुणाबाईंनी स्वयंपाकघरात येऊच दिली नाही. न्हाणीच्या कोनाड्यात ठेवायला लावली. “गांडुळं खाती माजी सून,” असं त्या शेजारणींना सांगायच्या, आणि सत्यजीत हसत हसत दोन ताटल्या फस्त करायचा.

मागच्या हिवाळ्यात भांडगावजवळ कंटेनरनं सत्यजीतची मोटारसायकल उडवली. तो जागीच गेला.

त्यानंतर लान गॅसजवळ फिरकली नाही. भाकरीचा चतकोर मोडायची, तोही ताटात तसाच राहायचा. ती अशी वाळत चाललेली सगुणाबाईंना बघवेना. शिवाय ही निघून गेली तर घर खायला उठेल, या धास्तीनं त्यांचा डोळा लागत नव्हता.

एका सकाळी त्यांनी डब्यातल्या खिरीच्या शेवया काढल्या, लसूण-कोबी चिरला आणि नाकाला पदर लावून ती बाटली आत आणली. पण हाताची सवय कुठं जाते? शेवया आधी तुपावर भाजल्या, मग पाणी ओतून वर बाटलीतले दोन थेंब टाकले. पार लगदा झाला.

लाननं तो चाटूनपुसून खाल्ला आणि रिकामं ताट मांडीवर घेऊन हमसून हमसून रडली. “माझ्या आईच्या घरचा वास,” ती म्हणाली. “आई, मला घरी जायचं.”

जिनं राहावं म्हणून हा सगळा खटाटोप, तिला त्यानंच माहेराची ओढ लागली. ‘न्हाई’ अगदी सगुणाबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण लेकरावाचून आईचं काय होतं, हे आता त्यांना कुणी सांगायला नको होतं.

“जा बाई,” त्या म्हणाल्या. “तुजी आई वाट बघत आसंल.”

निघायच्या दिवशी सगुणाबाईंनी तांदूळ, नारळ आणि खण काढला. धाकटी जाऊ अंजना आडवी आली. “अवं आक्का, नवरा गेलेल्या बाईची वटी भरत्यात व्हय?”

“माजी लेक निघालीया,” सगुणाबाई म्हणाल्या. “सर बाजूला.”

लानला पदर नव्हता. तिनं शर्टाचा घेर पुढं धरला. सगुणाबाईंनी त्यात ओंजळ रिकामी केली आणि सत्यजीत गेल्यापासून दाबून ठेवलेला हंबरडा फोडला.