आवाज बाईंचाच होता

"कोण गाईज? एकाचं नाव सांग."

कॅमेऱ्यासमोर उभं राहून कुणी "हॅलो गाईज" म्हटलं रे म्हटलं की बाई हात वर करून त्याला थांबवायच्या आणि हे विचारायच्या. समोरचा गडबडून जायचा.

"गाईज म्हणजे... सगळेच ना, बाई."

"सगळे नावाचं कोणी नसतं रे. तुझं घरी कोण ऐकतं? त्याला सांग."

एका मुलीने अखेर आत्याचं नाव घेतलं. मग कॅमेऱ्यात बघून त्या आत्याला, नव्या उड्डाणपुलामुळे तिची बस आता कुठून सुटते ते समजावून सांगू लागली. मध्येच "अगं, तिकडे नको जाऊस" म्हणून रागावलीसुद्धा. आम्ही सगळे ऐकत होतो. बाई म्हणाल्या, "आता तुझे गाईजपण ऐकतील."

वर्तकनगरात एका केकच्या दुकानाच्या वर आमची संस्था होती. डिजिटल कंटेंट आणि ब्रॉडकास्टिंगमध्ये करिअर करून देऊ, असं पाटीवर लिहिलेलं. मी तिथे एडिटिंग शिकवायचो, बाई निवेदन. त्यांचं सगळं आयुष्य रेडिओवर बातम्या वाचण्यात गेलेलं. निवृत्तीनंतर घरी करमेना, म्हणून कोपरहून रोज यायच्या. वर्गात शिरताना मुलांच्या हातातल्या थंडगार कॉफीच्या बाटल्या काढून घ्यायच्या आणि खिडकीत ओळीने मांडून ठेवायच्या. "घसा आहे तो, मोरी नाही," एवढंच बोलायच्या. वर्ग सुटेपर्यंत त्या कॉफीचं कोमट पाणी झालेलं असायचं.

संस्थेच्या मालकांना सगळे सर म्हणायचे. असे सर तुम्हीही पाहिले असतील. दोन हातांत दोन फोन आणि तोंडात सतत 'व्हिजन'. मी त्यांच्याबद्दल एक शब्दही चांगला बोलणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना दोन्ही बाजू ऐकायच्या असतील त्यांनी वर्तकनगरला जावं, सर भेटतील. माणसाचं काम बघून तो माणूस आपल्याला किती पुरेल याचा हिशेब करणारी नजर होती त्यांची.

संस्थेचं इंटरनेटवर स्वतःचं बातम्यांचं पान होतं. मुलांना सराव व्हावा म्हणून ठाण्यातल्या बातम्या मुलंच गोळा करायची, मी त्या जोडून द्यायचो आणि बाई वाचायच्या. बाईंमुळे ते पान चाललं. लोक स्वयंपाक करता करता ऐकायचे. अपघाताची बातमी आली की बाई आधी एकच गोष्ट विचारायच्या.

"घरी कळलंय का?"

मेलेल्या माणसाचं नाव त्याच्या घरच्यांना आपल्या तोंडून पहिल्यांदा कळता कामा नये, हा त्यांचा नियम. मुलांना त्या फोन करायला लावायच्या, हॉस्पिटलला, चौकीला, शेजाऱ्यांना. सर वैतागायचे. "बाई, तोपर्यंत बाकीचे टाकून मोकळे होतात."

"होऊ देत. त्यांना घाई आहे."

कोलशेतला एका कारखान्याची भिंत पडली तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. एक कामगार दगावल्याचं कुणीतरी कळवलं, नावासकट. बाईंनी विचारलं, घरी कळलंय का. कुणालाच माहीत नव्हतं. सर म्हणाले, "ते पोलीस बघतील ना. तुम्ही वाचा." बाईंनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. "कळलं की बोलवा," म्हणाल्या आणि घरी निघून गेल्या.

संध्याकाळी बातमी पानावर होती. आवाज बाईंचा होता.

मला आधी वाटलं, बाईंनी घरून वाचून पाठवली असेल. मग सरांनीच फुशारकीने सांगितलं. सरावाचं साहित्य हवं म्हणून त्यांनी मागे बाईंकडून पुष्कळ वाचून घेतलं होतं, कविता, धडे, जुन्या बातम्या. ते सगळं कॉम्प्युटरला भरवून त्यांनी बाईंचा आवाज तयार करून ठेवला होता. आता काहीही टाइप करा, बाई वाचणार. "एकदम सेम आहे ना?" त्यांनी मला विचारलं. शाबासकी हवी होती त्यांना! माझ्या हातात त्या वेळी कॅमेऱ्याचा स्टँड होता. तो मी खाली ठेवला, याचं श्रेय मला अजून कुणी दिलेलं नाही.

तो कामगार जिवंत होता. पाय मोडला होता, बस.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "मला त्यांच्याकडे ने." मी त्यांना स्कूटरवरून कोलशेतला घेऊन गेलो. त्याची बायको दारातच बसली होती. बाईंनी नाव सांगितलं नव्हतं, फक्त "येऊ का?" म्हणाल्या, आणि तिने चटकन वर पाहिलं. आवाज ओळखला.

"तुमी व्हय," ती म्हणाली. "रोज आयकते मी तुमाला. दुसऱ्या कोनी सांगतलं असतं ना, तर मी आधी हॉस्पिटलला फोन लावला असता. तुमी सांगतलंत, म्हनून खरं धरलं. पोरांना पन सांगून टाकलं, बाबा गेला म्हनून."

बाईंनी तिच्यापुढे हात जोडले. "चुकलं माझं," म्हणाल्या.

परत येताना मी रस्त्यात स्कूटर थांबवली. माझा संताप झाला होता. "तुमचं काय चुकलं? तिला खरं का नाही सांगितलंत?"

"काय सांगू तिला? आवाज माझा होता, पण मी नव्हते, असं? तिच्या पोरांना आवाजानेच रडवलं ना?" मग म्हणाल्या, "चल आता. सरांकडे जाऊ."

सरांच्या केबिनमध्ये बाई बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "माझा आवाज त्या मशीनमधून काढून टाका."

"बाई, तुमचा आवाज आपला ब्रँड आहे! आणि तुम्हीच तर रेकॉर्ड करून दिलंत की."

"मुलांना शिकवायला दिलं होतं."

"मशीनही शिकतंच ना," सर हसून म्हणाले.

बाईंना चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. त्या ओरडल्या नाहीत, पण केबिनबाहेरच्या शेवटच्या बाकावरच्या पोरालाही शब्द न् शब्द कळेल असं बोलल्या. "मी आयुष्यभर खात्री केल्याशिवाय तोंड उघडलं नाही. लोकांनी विश्वास ठेवला तो त्यावर. तेवढंच मी कमावलंय, आणि तुम्ही ते चोरलंत. चोर आहात तुम्ही." सरांनी फोन कानाला लावला. कुणाचाही आलेला नव्हता.

बाईंनी संस्था सोडली, त्याच आठवड्यात मीही सोडली. आवाज मात्र संस्थेतच राहिला. आम्ही पत्रं लिहिली, तक्रार केली, पुढे काही हाललं नाही. संध्याकाळी बाई बातम्या वाचतच होत्या. दुकानांची उद्घाटनं, कुणाचे वाढदिवस, क्लासच्या जाहिराती. बाजारात ओळखीचे लोक त्यांना म्हणायचे, "काल ऐकलं तुम्हाला," आणि बाई प्रत्येकाला थांबवून सांगायच्या की ती मी नव्हे. लोक मान हलवायचे. मग बाईंनी बाहेर बोलणंच कमी केलं. भाजीवाल्याला नुसतं बोटाने दाखवायच्या. त्याबद्दल मी त्या माणसाला कधीही माफ करणार नाही.

गेल्या थंडीत बाई गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत.

मी कोपरला त्यांच्या घरी गेलो तेव्हा हॉलमध्ये शेजारपाजारची मंडळी बसली होती. बाईंचे यजमान, ज्यांना मी काका म्हणायचो, कॉटवर भिंतीला टेकून होते. समोरच्या वहिनींना काकांचं मन रमवायचं होतं. "काका, बघा, किती छान श्रद्धांजली टाकलीय त्यांच्या संस्थेने," म्हणत त्यांनी मोबाइल मोठ्याने लावला.

"नमस्कार. ज्येष्ठ निवेदिका आणि आपल्या सर्वांच्या लाडक्या बाई यांचं आज दुपारी राहत्या घरी निधन झालं..."

बाईंच्याच आवाजात! हॉलमधल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. एक आजोबा म्हणाले, "काय आवाज होता हो." त्या मेलेल्या बाईला स्वतःच्या मरणाची बातमी वाचायला लावली होती नालायकाने.

काका मात्र कान देऊन ऐकत होते. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हिने श्वासच नाही घेतला रे मध्ये. एवढं लांब वाक्य ती एका दमात नसती म्हणाली."

मग त्यांनी वहिनींच्या हातातून मोबाइल घेतला. बंद कसा करायचा ते त्यांना कळेना. दोन-तीनदा बोट फिरवून पाहिलं आणि शेवटी तो उशीखाली सारला. असली रील संपली की आपोआप पहिल्यापासून सुरू होते. उशीखालून बाईंचा आवाज पुन्हा "नमस्कार" म्हणाला.

काकांनी दोन्ही हातांनी उशी दाबून धरली. मी हात घालून मोबाइल काढला आणि बंद केला. काकांचे हात तसेच उशीवर होते.