पदरावर नजर ठेवून केलेलं व्याख्यान

बायकोच्या पदरावर नजर ठेवून सरकारी नोकरी टिकवायला निघालेला सातारा जिल्ह्यातला मी बहुधा एकटाच माणूस असेन.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. धान्याची टंचाई होती आणि शेतकी खात्याने माझ्यासारख्या पोरांना गावोगाव व्याख्यानं द्यायला नेमलं होतं. विषय एकच: कंपोस्ट खताचा खड्डा. खड्ड्याबद्दल मला सगळं ठाऊक होतं, फक्त ते चार माणसांसमोर सांगता येत नव्हतं! पाटणकडच्या पहिल्या व्याख्यानात मी कागदात डोकं घालून तासभर वाचलं. डोकं वर काढलं तेव्हा समोर पाटलांचं कुत्रं आणि आमच्या कचेरीचा शिपाई, एवढेच उरले होते. (शिपायाला टेबल परत न्यायचं होतं. कुत्र्याचं कारण कळलं नाही.)

ही बातमी आमच्या साहेबांपर्यंत पोहोचली. साहेब मोजकं बोलत. ते म्हणाले, "श्रोत्यांकडे बघून बोलायला शिका. त्यांनाही बोलतं करा. महिन्याने म्हसवडच्या बाजारात तुमचं व्याख्यान आहे, मी स्वतः येणार. जमलं तर कायम करतो. नाही जमलं तर घरी मेंढरं आहेत ना?"

मेंढरं होती, हेच तर दुखणं होतं. आमचं गाव म्हसवडपासून तीन कोसांवर. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे हिंडलेल्या आमच्या घराण्यात शाळा शिकून सरकारी टोपी घालणारा मी पहिलाच. वडील बाजारात मला दाखवून सांगत, "माजं पोरगं सायब हाय." आता तोच साहेब महिन्याभरात काठी घेऊन मेंढरांमागे दिसणार, या विचाराने माझं जेवण कमी झालं.

उपाय काढला तो मीच (हे मुद्दाम कबूल करतो, नाहीतर बायकोवर आळ यायचा). अनोळखी तोंडं बघितली की माझे शब्द पळतात, म्हणून सभेत एकाच तोंडाकडे बघायचं ठरवलं, आणि ते तोंड बायकोचं. सुभद्रा पलूसकडची, नदीकाठच्या मळ्यात वाढलेली, माझ्यापेक्षा दुप्पट हुशार. तिने बायकांत बसून लोकांचा अंदाज घ्यायचा आणि मला खुणा करायच्या. पदर डोक्यावर घेतला म्हणजे आवाज वाढवा. पदर आणखी पुढे ओढला म्हणजे आणखी वाढवा. तोंड फिरवून बसली म्हणजे लोक कंटाळले, समोरच्या माणसाला प्रश्न विचारा. बाईमाणसाने पदर सावरला तर कुणाला संशय येणार, असं म्हणत मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

साताऱ्याच्या दोन खोल्यांत महिनाभर तालीम झाली. मी कपाटाला पाठ लावून बोलायचो, सुभद्रा भाकरी थापता थापता पदर वरखाली करायची. माझं काम इतकं सुधारलं की शेजारचे लोक भिंतीवर थाप मारून दाद देऊ लागले. (निदान मी ती दादच समजत होतो.) बिऱ्हाडात आम्ही दोघंच. डोक्यावर पदर घ्यावा असं वडीलधारं माणूस त्या घरात कधी पाऊलसुद्धा टाकत नव्हतं, ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही.

गावाकडे मी काही कळवलं नव्हतं. पडलोच तर भावकीसमोर तरी नको! पेट्रोलअभावी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीतून काळ्या तोंडाने आम्ही म्हसवडला उतरलो. लिंबाखाली टेबल मांडलेलं, साहेब खुर्चीवर, बाजाराला आलेली शे-दीडशे माणसं खाली बसलेली. सुभद्रा बायकांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसली, पदर खांद्यावर. मी तिच्याकडे बघितलं आणि सुरू केलं, "बंधू-भगिनींनो, खत म्हणजे जमिनीचं जेवण."

वा! शब्द आले. एकामागून एक आले. साहेबांनी मान हलवली. मी मनातल्या मनात कायम झालो.

तेवढ्यात सुभद्राने पदर डोक्यावर घेतला.

आवाज कमी पडतोय! मी वाढवला. तिने पदर आणखी पुढे ओढला. मी आणखी वाढवला. "खड्डा तीन फूट खोल!" हे वाक्य मी असं सांगितलं की लिंबावरचे कावळे उडाले. पदर नाकापर्यंत आला. आता मी गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होतो, आणि ती पदराआडून नुसतं एक बोट हलवत होती. बोटाची खूण ठरलेली नसल्यामुळे मी तिकडे दुर्लक्ष केलं.

माझ्या पाठीमागून आमची भावकी येत होती, हे मला नंतर कळलं! पोराचं व्याख्यान असल्याची वर्दी बाजारातून कुणीतरी दिली होती. आधी आला धाकटा चुलता, सुभद्राचा पदर डोक्यावर. मग थोरला चुलता, पदर कपाळावर. मग खुद्द माझे वडील, पदर नाकावर. सून म्हणून तिने जे करायला हवं तेच ती करत होती. मी मात्र प्रत्येक चुलत्यागणिक आवाज चढवत होतो.

वडील टेबलाला वळसा घालून आले आणि अगदी माझ्या पुढ्यात बसले, म्हणजे सुभद्राच्याही समोर. तिने रीतीप्रमाणे तोंड फिरवलं.

लोक कंटाळले! समोरच्या माणसाला प्रश्न! माझे डोळे अजून पदरावरच होते. नाकासमोर जो कुणी बसला होता त्याच्याकडे बोट रोखून मी गरजलो, "तुम्ही! हो, तुम्हीच! तुमच्या दारातला उकिरडा कधी साफ केलाय का?"

मग ओळखीचा आवाज आला.

"कुणावर वरडतुयास रं? मी काय भैरा न्हाई."

मी खाली बघितलं. वडील! नवीन पटका बांधून, मिशीला तेल लावून पोराचं कौतुक ऐकायला आलेले माझे वडील. थोरला चुलता मागून म्हणाला, "शाळा शिकलाय न्हवं, म्हून बापाला दीडशे माणसांत उकिरडा इचारतोय." लोक हसले. वडील उठले. तोंडावरून कळत होतं की ते नुसते सभेतून नाही, माझ्या आयुष्यातूनच उठून चाललेत. साहेबांनी खिशातून पेन काढलं. बाप चालला होता, नोकरी चालली होती आणि मी टेबलाची कड धरून उभा होतो. खरं सांगतो, मला रडू येत होतं.

सुनेने सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सुभद्राने ती मोडली नाही. भावकीबरोबर आलेली माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण, तिच्या शेजारी येऊन बसली होती. तिच्याकडे वळून सुभद्रा हळूच म्हणाली, "आत्याबाई, मामंजींस्नी सांगा, ह्ये त्यांच्यावर वरडत न्हाईत. सायबाच्या भ्यानं ह्यांचा आवाज फुटलाय."

आत्याचं सगळं आयुष्य मेंढरांना हाका मारण्यात गेलेलं. तिने जे सांगितलं ते नदीपलीकडच्या लोकांनीही ऐकलं असेल. "आरं, बस खाली. पोरगं भ्यालंय. तुला न्हाई बोलला, खड्ड्याचं सांगतोय."

वडील थांबले. बसले नाहीत, पण आत्याला म्हणाले, "इचार तिला, खड्डा कशाला पायजे? आमी रानात मेंढरं बसवतो, लेंडीखत पडतं."

सुभद्रा आत्याच्या कानाशी लागली आणि आत्या गरजली. "सून म्हणती, मेंढरं आठ म्हैने खालच्या मुलखात चरायला जात्यात. तवा रानाला काय घालता?"

"व्हय की," कुणीतरी मागून बोललं. वडील खाली बसले. आता त्यांनाही चेव आला. माणदेशात प्यायला पाणी मिळत नाही, खड्ड्याला कुठलं आणायचं, असं त्यांनी आत्यामार्फत विचारलं. आत्यामार्फत उत्तर आलं की अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी रोज दारात सांडतं ते घाला. थोरल्या चुलत्याला हे पटेना. त्याने सुभद्राला आत्यामार्फत आडवं विचारलं, तिने उभं उत्तर दिलं. मग चार अनोळखी शेतकरी उठून आत्यासमोर येऊन बसले. पालापाचोळ्याचा थर किती, शेण किती, माती कधी टाकायची, सगळं आत्यामार्फत ठरलं. महिनाभर तेच व्याख्यान ऐकून सुभद्राला ते तोंडपाठ होतं. प्रत्येक मुद्दा आधी कुजबुजत आणि मग गरजून, असा दोनदा होत होता, त्यामुळे कुणाला काही विसरायची सोय उरली नाही. एक म्हातारी तर माझ्याकडे वळून म्हणाली, "ल्येका, जरा बाजूला हो की, बाय दिसंना."

मी बाजूला झालो.

दीड तासाने सभा उठली तेव्हा अकरा जणांनी खड्डा खणायचं कबूल केलं होतं. त्यांत पहिलं नाव माझ्या वडिलांचं. ते जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सून लय गुणाची हाय रं." माझ्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. पण हात ठेवला, तेवढं मला पुरलं.

परतीच्या मोटारीत मी सुभद्राला विचारलं, ते बोट कशाला हलवत होतीस? ती म्हणाली, "मागं बघा म्हणत हुते. महिनाभर माझ्या पदराकडं बघायला शिकलात, माणसांकडं बघायचं राहिलंच की."

आठवड्याने साहेबांचा हुकूम कचेरीत आला. सभेत लोकांना इतकं बोलतं करणारं व्याख्यान त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं म्हणे. खाली त्यांच्याच अक्षरात शेरा होता: "कायम करण्यास हरकत नाही. यापुढे व्याख्यान मात्र त्यांनी स्वतः देऊ नये."