नूरीचं दप्तर

शहागंजात तंदूरमधून निघालेल्या नानचा वास आला, की अजून माझी पावलं अडखळतात. अफगाणिस्तानातून जीव वाचवून आलेल्या कुटुंबातली नूरी माझ्या चौथीच्या वर्गात होती. शनिवारच्या स्वच्छता तपासणीत मी तिचं दप्तर सगळ्यांसमोर टेबलावर उलटं केलं. वह्यांसोबत वाळलेल्या नानचे तुकडे पडले. पोरं हसली.

"अगं, उंदरं लागतील ना याला!" मी रागावले.

"मॅडम, फिर भागना पडा तो?" ती हळूच म्हणाली.

मला ते नीट ऐकू आलं होतं. तरी ते तुकडे मी तिलाच केराच्या टोपलीत टाकायला लावले.

पुढच्या शनिवारी तिचं दप्तर अगदी स्वच्छ निघालं. मी वर्गाला टाळ्या वाजवायला सांगितल्या. मला वाटलं, पोरगी रुळली.