छातीवरचा नंबर

नोकरीतले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. तो रविवार मात्र अजून वेगळा आठवतो. आमच्या वसई-विरारमधल्या मॅरेथॉनचा दिवस. यात कोणाचंही नाव घेणार नाही. माणसं इथलीच आहेत आणि झाल्या प्रकाराचं जे भोगायचं ते त्यांनी भोगलं आहे.

पोलिसांच्या लेखी मॅरेथॉन म्हणजे बंदोबस्त. पहाटे हजेरी, पॉइंटवाटप, बॅरिकेड, मग रिक्षावाल्यांशी हुज्जत. मी पोलीस ठाण्याचा प्रभारी. ऊन चढू लागलं तसा निर्मळच्या बाजूने वायरलेसवर निरोप आला. एक धावपटू पळता पळता कोसळला, डोकं रस्त्यावर आपटलं, झटके येताहेत. अँब्युलन्सने त्याला खासगी रुग्णालयात हलवलं. छातीवरच्या नंबरावरून आयोजकांनी नाव आणि घरचा फोन कळवला. बँकेत नोकरी, विरारला फ्लॅट. पत्नीला फोन मीच केला. असे फोन मी कधी हवालदारावर सोपवले नाहीत.

बाई धाकट्या दिराला घेऊन आल्या. पायांत दोन वेगळ्या जोडांच्या चपला. मी त्यांना अतिदक्षता विभागात नेलं. त्या पलंगाजवळ गेल्या, वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"साहेब, हे माझे मिस्टर नाहीत."

क्षणभर चेहऱ्यावर सुटका दिसली आणि लगेच रंग उडाला. "मग ते कुठे आहेत?"

नवरा पहाटे पळण्याचे कपडे घालून स्कूटरवरून निघाला होता. त्याचा फोन बंद. दीर मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादाचा नंबर याने चोरला असेल. दादाला काही केलं तर नसेल ना?" तीच शंका मलाही होती.

तिकडे डॉक्टर घायकुतीला आले होते. "झटके थांबत नाहीत. डोक्याच्या माराने आहेत की जुना आजार आहे? औषध काही चालू आहे का? कोणीतरी घरचं माणूस आणा हो!"

माझ्याकडे नाव नसलेला एक माणूस होता आणि माणूस नसलेलं एक नाव. मी नवऱ्याचा फोटो सगळ्या पॉइंटना पाठवला. रस्त्यावर विचारपूस सुरू केली. बाहेर लाउडस्पीकरवर धावपटूंना प्रोत्साहन चालू होतं, टाळ्या ऐकू येत होत्या, आणि मी घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो.

खबर आली ती पाचूबंदरहून. मासळी वाळत घालणाऱ्या एका कोळीणबाईने तिथल्या हवालदाराला गाठलं होतं. "सायेब, त्या होडीच्या आडोशाला एक मानूस बसलाय. पानी दिलं तर घेत नाय. नुसता समुद्राकडं बघतोय. मना भीती वाटते."

मी जीप काढली. होडीला टेकून फोटोतला तोच माणूस बसला होता. पायांत महागडे बूट, पण शर्ट कोरडा. लांब पळालेल्या माणसाच्या कपड्यांवर घामाचं मीठ पांढरं दिसतं. याच्या शर्टाला इस्त्रीची घडी तशीच होती. मी वाळूत त्याच्या शेजारी बसलो.

"माझा गुडघा दुखत होता, साहेब," मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला. "मी पळालोच नाही. नंबर कुठेतरी पडला असेल."

अचानक पोलीस शेजारी येऊन बसला की निर्धास्त माणूस आधी विचारतो, काय झालं? याने ते विचारलंच नाही.

"तुमच्या पत्नी रुग्णालयात आहेत," मी म्हणालो.

"ती कशाला त्याच्याजवळ?"

शब्द निसटला, ते त्याचं त्यालाही कळलं. मग सावरून म्हणाला, "मला वकिलाशी बोलायचंय."

"जरूर बोला. पण डॉक्टर विचारताहेत, झटके जुने की नवे? तेवढं एक सांगा. बाकीचं मी उद्या विचारीन."

त्याने तोंड ओंजळीत घेतलं. "जुने. लहानपणापासूनचे."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावून त्याच्या हातात दिला. नाव, गाव, गोळी, सगळं त्याला माहीत होतं. बोलून झाल्यावर बाकीचं आपोआप बाहेर आलं. परदेशातल्या एका मोठ्या शर्यतीत जायचं तर आधी ठरलेल्या वेळेत मॅरेथॉन पूर्ण करावी लागते. याची वेळ दर वर्षी थोडक्यात हुकायची. ऑफिसात, सोसायटीत मात्र सांगून ठेवलेलं, या वर्षी जाणारच. कोसळलेला तो आगाशीकडचा, वाडीत केळी-भाजी करणारा, तिशीचा. सकाळी पळताना ओळख झालेली. पाय वाऱ्यासारखे, पण फिट येते म्हणून कोणी डॉक्टर शर्यतीचं सर्टिफिकेट देईना.

"तो म्हणायचा, एकदा तरी पूर्ण पळू द्या मला. मी म्हटलं, माझ्या नंबरावर पळ. पळणं तुझं, वेळ माझी."

"तो पडला ते कळलं कसं?"

"मी समोरच उभा होतो. पुढे गेलो असतो तर सगळं उघड झालं असतं."

त्याला घेऊन रुग्णालयात आलो, तर बाई त्या परक्या माणसाच्या उशाशी बसल्या होत्या. "याचं कोणी नव्हतं ना, म्हणून थांबले," त्या मला म्हणाल्या. मी वाटेतून फोनवर त्यांना सगळं कळवलं होतं; त्या नवऱ्याकडे वळल्या. "हा तुम्ही नाही म्हणून मी मघाशी देवाचे आभार मानले. आता याच्या आईला काय तोंड दाखवू?"

आगाशीला पाठवलेल्या हवालदाराबरोबर त्याची आई आली ती गोळ्यांची पट्टी मुठीत धरूनच. गोळीने सुस्ती येते म्हणून पोराने दोन दिवस ती घेतलीच नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि बँकवाल्याला विचारलं, "तू होतास तिथं?"

त्याने मान डोलावली.

"मग नाव घेऊन हाक तरी मारायची व्हती रे."

यावर तो भिंत धरून खाली बसला. माझ्या नोकरीत मी आवाज चढवून जे साधलं नसेल ते त्या बाईने एका वाक्यात केलं.

संध्याकाळपर्यंत झटके थांबले. दुसऱ्या दिवशी त्याने आईला ओळखलं. आयोजकांनी दोघांनाही शर्यतीतून कायमचं बाद केलं. फिर्याद कोणीच दिली नाही. मी जबाब घेतले, स्टेशन डायरीत नोंद केली आणि प्रकरण मिटवलं.

सराईत गुन्हेगार शिक्षेच्या भीतीने गप्प बसतो; त्याला बोलतं करायच्या रीती आम्हाला शिकवलेल्या असतात. साधा माणूस लाजेपोटी गप्प बसतो, आणि ती लाज भीतीपेक्षा घट्ट असते. तो बँकवाला दुष्ट नव्हता. चारचौघांत हसं होईल एवढ्यासाठी तो एका माणसाच्या जिवावर बेतलं असताना बसून राहिला होता. त्यानंतर चौकशीला बसलो की 'का केलंत?' हा प्रश्न मी मागे ठेवू लागलो. आधी विचारायचो, "तुम्ही गप्प आहात म्हणून आत्ता कोणाचा जीव जातोय का?"