खलबत्ता वाजतोय तोवर

नौफाचं काम जगावेगळं होतं. निर्वासितांच्या छावणीत तंबू-तंबूत जायचं, समोर येईल तो चहा प्यायचा आणि घरातल्या कुणाचं मन किती फाटलंय ते शोधून काढायचं. झोप लागते का? कशात मन रमतं का? आता सगळं संपलं असं वाटतं का? हे प्रश्न शहरातल्या शहाण्या माणसांनी तयार केले होते आणि ते वाईट मुळीच नव्हते. पण युफ्रेटिसकाठच्या माणसाला असं तोंडावर विचारलं की तो छातीवर हात ठेवतो आणि म्हणतो, 'देवाची कृपा.' मुलगा गेला, देवाची कृपा. घराचा ढिगारा झाला, देवाची कृपा. मग लिहिणाऱ्यानं काय लिहायचं, डोंबल?

नौफा त्याच मातीतली, म्हणून मदत करणाऱ्या संस्थेनं तिला कामावर घेतलं. ती विचारायची कमी आणि बघायची जास्त. एका बाईनं गावाहून आणलेली गाठोडी दोन हिवाळे सोडलीच नव्हती. उद्या परत जायचंय म्हणून सगळं घर बांधलेलंच. नौफानं ते बरोबर हेरलं आणि संस्थेच्या डॉक्टर रनीमना तिच्याकडे नेलं. पाण्याच्या टाकीपाशी बायका तिची टर उडवायच्या. "आली गं बाई मनं तोलणारी! तराजू कुठाय तुझा?" नौफा हसायची. हसणं हा कामाचाच भाग होता.

पण तिच्या स्वतःच्या रांगेतून, तिच्या गावच्या तंबूंतून, तिनं कुणाचंच नाव दिलं नव्हतं.

"तुमच्या रांगेत सगळे ठणठणीत?" डॉक्टर रनीमनी एकदा विचारलं. बाई होम्स शहरातल्या, आवाज मऊ. "तुझ्या नवऱ्याचे काका आहेत ना तिथे, अबू मशअल? त्यांचा मुलगा बेपत्ता आहे म्हणे."

"ते बरे आहेत," नौफा म्हणाली. "रोज पहाटे त्यांचा खलबत्ता वाजतो."

डॉक्टरबाईंना हे पटलं की नाही कोण जाणे, पण नौफाच्या लोकांत यापुढे बोलायचं काही उरतच नाही. घरात मयत झालं की कॉफीची किटली उपडी घालायची, कॉफी कुटायच्या खलबत्त्याला हात लावायचा नाही. खलबत्ता वाजतोय म्हणजे घर उभं आहे, या, बसा. अबू मशअलचा लाकडी खलबत्ता गावाहून त्यांच्या पाठीवर आलेला. टक टक टकाटक असा त्यांचा ठेका होता, आणि अख्खी रांग त्या ठेक्यावर जागी व्हायची. नौफासुद्धा. तो ऐकला की तिचा जीव भांड्यात पडायचा.

का पडायचा, ते ती स्वतःलाही सांगत नव्हती. तीन हिवाळ्यांमागे बंदूकवाल्यांनी नाक्यावर एक गाडी अडवली होती. गाडीत दोघं होते, अबू मशअलचा मुलगा मशअल आणि त्याचा चुलतभाऊ खलफ. खलफ म्हणजे नौफाचा नवरा. दोघांना एकाच दोरीनं बांधून नेलं, असं पाहणारे सांगत. म्हणजे एक असेल तर दुसरा असेल, आणि एक नसेल तर... पण खलबत्ता वाजत होता ना! बाप आशा सोडत नाही, मग बायकोनं का सोडावी?

ती त्यांच्याकडे एकदा जाऊन आलीही होती. म्हाताऱ्यानं कॉफी दिली, तिनं घाईघाईनं प्रश्न विचारले. झोप? देवाची कृपा. जेवण? देवाची कृपा. दुसऱ्या कुणाच्या तंबूत तिनं एवढ्यावर पाय काढता घेतला नसता. अंथरूण बघितलं असतं, बायकोला बाजूला घेतलं असतं. इथे ती पेला रिकामा करून उठली, आणि बाहेर आल्यावर तिला हलकं वाटलं.

मग एके दुपारी टाकीपाशी अबू मशअलच्या बायकोनं तिला गाठलं. उम्म मशअल बोलायला फटकळ, पण त्या दिवशी तिचा आवाज खाली होता.

"आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं चाललंय तुझं."

"काय झालं काकू?"

"सगळ्या छावणीला विचारत फिरतेस. माझ्या म्हाताऱ्याला विचारलंस का कधी नीट? रात्र रात्र बसून असतो. जेवण तोंडापाशी नेतो आणि खाली ठेवतो. परवा अनवाणी कुंपणापर्यंत गेला, दोघांनी धरून आणला. कॉफी केव्हाच संपली. खजुराच्या बिया भाजून कुटतो, त्या संपल्या की नुसता खलबत्ताच वाजवतो. रिकामा! वेड लागेल त्याला, नाहीतर जाईल तो. बघ बाई."

नौफाचा हंडा भरून वाहत होता, तिचं लक्ष नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती. काय करायला हवं ते तिला त्याच क्षणी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती गेली. अबू मशअल वाळले होते, पण फेटा नीट होता. त्यांनी बियांची काळी कॉफी चिमुकल्या पेल्यात ओतली. नौफानं पेला घेतला आणि ओठाला न लावता समोर जमिनीवर ठेवला.

म्हाताऱ्याचा हात थांबला. पाहुण्यानं पेला असा खाली ठेवला की त्याचं काही मागणं असतं, आणि ते देईपर्यंत तो कॉफी पीत नाही. यजमानाला नाही म्हणता येत नाही; म्हटलं तर पिढ्यांचं नाक कापलं जातं.

"पी पोरी," ते म्हणाले. "जे मागशील ते दिलं."

"काका, उद्या खलबत्ता वाजवू नका. किटली उपडी घाला. मशअलसाठी रडा. लोकांना येऊ दे."

त्यांनी निखारे राखेखाली सारले.

"काय मागतेस ते कळतंय ना तुला? दोघं एका दोरीत होते."

"कळतंय."

"गेल्या हंगामात खजूर उतरले तेव्हा त्या बंदूकवाल्यांच्या तावडीतून सुटलेला एक जण आला होता," ते हळू बोलू लागले. "आपल्या गावचा. विहिरीपाशी खड्डा आहे म्हणाला. त्यानं दोघांना ओळखलं, कपड्यांवरून. मी त्याला शपथ घातली, कुणाला बोलू नकोस."

"तुम्हाला माहीत होतं?" नौफा कशीबशी म्हणाली. "मग रोज कशाला..."

"तू ऐकत होतीस ना. पहाटे खलबत्ता वाजला की तुझ्या तंबूत दिवा लागायचा, मला इथून दिसायचा. पाहुण्याचं पिऊन होईपर्यंत यजमानानं आपलं मयत दाखवू नये, माझ्या बापानं शिकवलंय. तुझी आशा पिऊन होईपर्यंत थांबलो, पोरी. फार दमलो बघ."

नौफानं पेला उचलला आणि एका घोटात संपवला. मग तिनं तो हलवून परत दिला, आता पुरे, अशा खुणेनं. दोघांच्याही डोळ्यांना धार लागली होती आणि पुसायचं कुणाला सुचत नव्हतं.

पहाटे खलबत्ता वाजला नाही. रांगेतली माणसं तरीही उठली, तंबूंच्या तोंडाशी येऊन उभी राहिली आणि समजली. पुरुष अबू मशअलच्या उपड्या किटलीभोवती जाऊन बसले. इतक्या दिवसांनी म्हाताऱ्याच्या तोंडून हंबरडा फुटला, आणि तो ऐकून अनेकांना आपापले मेलेले आठवले. बायका पडद्यामागे जमल्या.

नौफा सगळ्यांत शेवटी आली, लाल फुलांचा रुमाल बांधून. तो खलफनं आणला होता. उम्म मशअलनं गादीखालून दोन काळे रुमाल काढले. शिवून ठेवल्याला बरेच दिवस झाले असावेत, घड्या पक्क्या बसल्या होत्या. एक तिनं स्वतःच्या डोक्याला बांधला. मग नौफाला पुढ्यात बसवून तिचा लाल रुमाल सोडला आणि दुसरा तिच्या डोक्याला बांधला.

"आता मी विचारते," ती म्हणाली. "झोप लागते का गं तुला?"

नौफाचा हात सवयीनं छातीकडे गेला. नेहमीचे शब्द ओठांवर आलेच होते.

"नाही काकू," ती म्हणाली. "खलफ गेल्यापासून नाही लागत."